डावा स्पीकर

माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी रायपूरजवळच्या सिलतऱ्यात गेली. स्पंज आयर्नच्या कारखान्यात, भट्टीच्या अगदी जवळ. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा शर्टाच्या कॉलरवर काळी भुकटी असायची आणि बोलणं असायचं ओरडून. मी दारातच हातानं खूण करायची, हळू बोला. त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं की कुणाचे कान जाणार असतील तर यांचेच जाणार. कारखान्यात त्यांची दरवर्षी तपासणी व्हायची, रिपोर्ट चांगला यायचा, तरी माझा त्यावर विश्वास नव्हता.

रिटायर झाल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला. गाणी ऐकायला भारी साउंड सिस्टीम घ्यायची. टीव्हीखाली ठेवतात ती पट्टी नाही, ब्लूटूथचा डबाही नाही. दोन उभे स्पीकर, वेगळा अॅम्प्लिफायर, जाड तारा, सगळा थाट. सकाळचा चहा झाला की फोनवर त्याचेच व्हिडिओ लागायचे. कुणीतरी माणूस स्पीकरसमोर बसून त्याच्या आवाजाचं वर्णन करतोय आणि हे ते आपल्या फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकतायत. मला हसू यायचं.

"आयुष्यभर भट्टीचा आवाज ऐकला," ते म्हणाले. "आता काही चांगलं ऐकू दे ना मले."

पण किंमत ऐकली आणि मी मनात हिशोब मांडला. तेवढ्यात आमचं स्वयंपाकघर नव्यानं बांधून झालं असतं. मी मुळातच भित्री. मंत्रालयात नोकरी, पगार वेळेवर, मुलगी बंगलोरला कमावती, तरी मोठा खर्च निघाला की मला झोप लागत नाही. उद्या घरात कुणी आजारी पडलं तर, हा माझा ठरलेला प्रश्न.

"तुले तं नेहमी आजारपणच दिसते," ते म्हणायचे.

बरेच दिवस असंच चाललं. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. "असं करू. दुकानात जाऊ. तू साधा सेट ऐक, भारीवाला ऐक. तुले फरक वाटला तं घेऊ, नाही वाटला तं विषय संपला. तुझ्या कानावर सोडलं."

मला हे सोयीचं वाटलं. फरक वाटला तरी नाही म्हणायचं, हे मी स्कूटरवर बसतानाच ठरवलं होतं.

दुकान काचेचं, एसी एकदम थंड. आत ऐकण्यासाठी वेगळी खोली केलेली. भिंतींना मऊ कापडाचे चौकोन लावलेले, जमिनीवर गालिचा, मधोमध एक सोफा आणि समोर निरनिराळ्या उंचीचे स्पीकर, लग्नात फोटोसाठी उभे केल्यासारखे. दार बंद झालं आणि बाहेरची गर्दी, हॉर्न, सगळं एकदम नाहीसं झालं. मला ती शांतता आवडली नाही. कान दाबल्यासारखे वाटले.

दुकानातला माणूस आमच्या मुलीपेक्षा थोडा मोठा असेल. फार नम्र. त्यानं आधी साधा सेट लावला. एका बाईचं गाणं होतं, मागे तबला आणि सारंगी. ठीक वाटलं. मग त्यानं भारीवाला सुरू केला. यांनी डोळे मिटले.

"दीदी, अब बताइए," तो मला म्हणाला, "आवाज कहाँ से आ रही है?"

मी म्हटलं, "उधर से," आणि उजवीकडच्या स्पीकरकडे बोट केलं. मग भीड चेपून म्हटलं, "भैया, आपका बाएँ वाला बंद है."

त्याला वाटलं तार निघाली असेल. तो उठून गेला, वाकून पाहिलं, स्पीकरवर हात ठेवला. "नहीं दीदी, चल रहा है. पास आकर सुन लीजिए."

मी जवळ गेले, डोकं वाकवून उजवा कान लावला. खरंच चालू होता. सारंगी त्यातूनच वाजत होती, इतकी जवळून की कानाला गुदगुल्या व्हाव्या. मी परत सोफ्यावर येऊन बसले. सारंगी गेली. सगळं गाणं पुन्हा उजवीकडे सरकलं.

"मधून येऊन राहिला आवाज," डोळे मिटूनच हे म्हणाले. "बरोबर मधून. बाई समोर बसल्यासारखी वाटून राहिली."

समोर मधोमध काहीच नव्हतं. मोकळी भिंत होती. माझ्यासाठी तिथून काहीच येत नव्हतं.

तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे. सोफ्याच्या मागे पडदा होता, तो बघायचं निमित्त करून मी उठले आणि स्पीकरकडे पाठ करून उभी राहिले. आता उजवा स्पीकर माझ्या डाव्या हाताला होता. आवाज डावीकडून यायला हवा होता. तो उजवीकडूनच आला.

म्हणजे स्पीकरचा काही संबंधच नव्हता.

पडद्याचं कापड मी मुठीत धरून ठेवलं होतं, एवढंच मला आठवतं. "चला घरी," मी म्हटलं. त्यांना वाटलं, हिला किंमत पटली नाही. त्यांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुटीत मी मुलीला फोन लावला आणि पहिल्यांदाच फोन डाव्या कानाला धरला. तिचा आवाज भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा आला. बोलतेय एवढं कळलं, शब्द एकही नाही. फोन उजव्या कानाला नेला.

"आई, हॅलो? सुनाई दे रहा है क्या?" ती विचारत होती.

"हो, हो," मी म्हटलं. "इथे आवाज फार आहे." आजूबाजूला कुणीही नव्हतं.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. ऑफिसात माझ्या डाव्या हाताला बसणाऱ्या बाई गेल्या वर्षापासून माझ्याशी तुटक वागतात असं मला वाटत होतं. त्या बोलत असणार, मीच उत्तर देत नसणार. कुकरच्या शिट्ट्या मोजताना माझी गडबड व्हायची. झोपताना उजव्या कुशीवर वळले की खोली एकदम शांत व्हायची आणि मी समजायची, चला, रस्त्यावरची वर्दळ थांबली.

घरी मी काही सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होणार, असं वाटत होतं. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. माझी आई उतारवयात बहिरी झाली. वडिलांच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही सगळे जेवायला बसायचो, कुणी विनोद करायचं, सगळे हसायचे, आणि आई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत विचारायची, "काय झालं? काय म्हणाला?" आम्ही म्हणायचो, "काही नाही, आई." दुष्टपणानं नाही. पुन्हा सांगायचा कंटाळा. हळूहळू तिनं विचारणंच सोडलं. ताट घेऊन आत बसायला लागली. ते ताट घेऊन आत जाणं मला आता रोज दिसायला लागलं.

त्याच दिवसांत गणपती होते. एका संध्याकाळी पाऱ्यातून, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातून, विसर्जनाची मिरवणूक निघाली, पुढे धुमाल पार्टी. आमच्याकडे धुमाल म्हणजे ढोल, बँजो आणि ट्रकभर स्पीकर. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. मी बाल्कनीत गेले आणि उजवीकडे बघत उभी राहिले, कारण आवाज तिकडूनच येत होता. रस्ता रिकामा. एक कुत्रा तेवढा चाललेला. छातीत ढोल वाजतोय, पायाखालची फरशी हलतेय आणि समोर मिरवणूक नाही. मला भोवळ आल्यासारखं झालं.

"अगं, तिकडे काय पाहून राहिली?" यांनी माझा खांदा धरून मला फिरवलं. ट्रक डावीकडून, आमच्या फाटकाला लागूनच जात होता.

तरीही मी गप्प राहिले. गप्प राहणं संपलं ते नवा रायपुरात, मंत्रालयाबाहेर. ऑफिस सुटल्यावर बसकडे जायला रस्ता ओलांडावा लागतो. तिथले रस्ते एवढे रुंद आणि मोकळे की गाडी लांबून दिसते, म्हणून आपण बेसावध असतो. मी पाऊल टाकलं आणि कुणीतरी मागून माझा दंड इतक्या जोरात ओढला की मी पदपथावर बसलेच. एक कार हॉर्न देत समोरून गेली. ती चुकीच्या बाजूनं, डावीकडून आली होती. दंड ओढणाऱ्या होत्या त्याच, माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई.

"कितनी आवाज दी मैंने!" त्या ओरडल्या. "आप सुनती क्यों नहीं?"

"सुनाई नहीं देता," मी म्हटलं. पहिल्यांदा तोंडून निघालं ते असं, रस्त्याच्या कडेला बसून.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं, दुकानापासून. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "काहून नाही सांगितलं?" आणि थोड्या वेळानं, हळू आवाजात, "माझ्यामुळे तं नाही ना झालं? इतकी वर्षं मी घरात ओरडून बोलत आलो."

समता कॉलनीत कानाच्या डॉक्टर आहेत, तरुण बाई. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला काचेच्या एका लहानशा खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानात बारीक टूं टूं यायला लागलं आणि मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी दाबत गेले. मग काहीच येईना. मी वाट बघत राहिले. काचेपलीकडे तंत्रज्ञ मुलगी मशीनची कळ फिरवत होती, पुन्हा पुन्हा फिरवत होती, आणि माझ्या कानात काही नव्हतं. तिच्या हाताकडे बघून बटण दाबावं असा मोह झाला. दाबलं नाही.

डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. उजवी रेघ सरळ, डावी उतरत उतरत खाली गेलेली.

"दोनों कान में साथ-साथ कम होता तो मैं कहती, उमर है," त्या म्हणाल्या. "एक ही कान है, इसलिए नस देखनी पड़ेगी. एमआरआई करा लीजिए."

"नस में क्या होगा?" यांनी विचारलं.

"ज़्यादातर कुछ नहीं निकलता. कभी-कभी गाँठ होती है."

गाँठ हा शब्द मला चांगल्या कानानं अगदी स्वच्छ ऐकू आला.

एमआरआयची तारीख मिळेपर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे. यांनी स्पीकरचे व्हिडिओ बंद केले. घरात चालताना ते मुद्दाम माझ्या उजव्या बाजूला यायला लागले आणि त्यांच्या त्या सांभाळून वागण्याचीच मला धास्ती वाटायची. मुलगी रोज फोन करायची. "आई, तू टेन्शन मत ले, कुछ नहीं निकलेगा." मी हो म्हणायची. फोन ठेवला की आरशासमोर उभी राहून हसून बघायची, तोंड वाकडं तर होत नाही ना. कानाच्या गाठीनं तसं होतं, असं कुठेतरी वाचलं होतं. मग वाचणंही बंद केलं. पोळ्या लाटताना, फाइलवर सही करताना, डोक्यात डाव्या बाजूला काहीतरी बसलंय असं वाटत राहायचं. हात तिकडे जायचा. हाताला काय लागणार?

एमआरआयच्या नळीत डोकं पिंजऱ्यात अडकवतात. हलायचं नाही. मग ती मशीन ठोकायला लागते, लोखंडावर लोखंड आपटावं तसं. सिलतऱ्यातला आवाज असाच असेल, असं मनात आलं. तो सगळा आवाज माझ्या एकाच बाजूला होता. दुसरी बाजू जवळजवळ सुनी. मध्येच इंजेक्शन द्यायला बाहेर काढलं आणि पुन्हा आत सरकवलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि हा उजवा कान राहू दे, एवढंच मागत राहिले. कुणाकडे मागत होते, माहीत नाही.

रिपोर्ट दुपारी मिळाला. पाकीट त्यांनी स्कूटरवर बसूनच उघडलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, माझी आई आमच्याकडे बघायची तशीच. ते बराच वेळ वाचत राहिले.

"काय आहे?"

त्यांनी पान उलटलं.

"अहो, मला सांगा काय आहे ते!" मी ओरडलेच.

"आहे," ते म्हणाले. "पण लहान आहे."

डॉक्टरांनी आधी तेच सांगितलं जे ऐकायला मी बसले होते. कॅन्सर नाही. ऐकण्याच्या नसेवर एक छोटी गाठ, हळू वाढणारी, कधी वाढतही नाही. पुढे मोठ्या सर्जनकडे पाठवलं. यांचं म्हणणं एकच, काढून टाका. सर्जन शांतपणे म्हणाले की काढता येईल, पण डाव्या कानात उरलंसुरलं आहे तेही जाईल, शिवाय चेहऱ्याची नस तिथूनच जाते. किंवा थांबायचं. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा, वाढली तर बघू.

"आणि उजवा?" मी विचारलं.

"उसका इससे कोई लेना-देना नहीं."

मी थांबायचं ठरवलं. त्यात शौर्य काही नव्हतं. ऑपरेशनची भीती थांबण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती, इतकंच.

साउंड सिस्टीमचा विषय पुन्हा काढला तो मी. ते दचकले. "आता कशाले? तुले मधून ऐकूच नाही येणार," असं बोलून गेले आणि मग खाली बघत बसले.

"मला नाही येणार. तुम्हाला येईल ना," मी म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. घरातलं गाणं माझ्यामुळे बंद झालं तर मी आजारी माणूस होऊन बसेन, आणि ते मला नको होतं.

पुन्हा त्याच खोलीत गेलो. दार बंद झालं तेव्हा पुन्हा कान दाबल्यासारखे वाटले. या वेळी मी त्या माणसाला आधीच सांगून टाकलं की मला एका कानानं ऐकू येत नाही. "कोई बात नहीं दीदी, आराम से सुनिए," म्हणाला.

मी सोफ्याच्या डाव्या टोकाला, उजवा कान स्पीकरकडे करून बसले. आधी साधा सेट. गाणाऱ्या बाईचा आवाज आला, पण शब्द एकमेकांत मिसळलेले. मग मधल्या किमतीचा. तिथे मी सावरून बसले. शब्द सुटे झाले. ओळ संपल्यावर तिनं घेतलेला श्वाससुद्धा कळला. कित्येक महिन्यांत मला कुणाचं बोलणं अंदाज न बांधता असं ऐकू आलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. मी पदर लावला नाही, येऊ दिलं.

मग सगळ्यात भारीवाला. माझ्यासाठी त्यात जास्तीचं काही नव्हतं. मी यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे पुन्हा मिटलेले.

गाणं संपल्यावर मी विचारलं, "खरं सांगा. मधल्यात आणि यात फरक आहे?"

"आहे."

"केवढा?"

त्यांनी दोन्ही सेटांकडे आळीपाळीनं बघितलं. "किमतीएवढा नाही," ते म्हणाले.

हे माझ्यासाठी म्हणाले की खरंच, ते मला अजून माहीत नाही. विचारलंही नाही. आम्ही मधला सेट घेतला. साध्या आणि मधल्या सेटमधला फरक पैसे मोजण्यासारखा होता, माझ्या एका कानालाही तो कळला. त्याच्या वरचं ज्याच्या दोन्ही कानांना हवं आणि ज्याच्या खिशाला परवडतं त्यानं बघावं.

दुसरा स्कॅन झाला. गाठ आहे तेवढीच आहे. पुढचा आता वर्षानं. तारीख जवळ आली की मी घरात चिडचिड करते, ते माझ्यापासून जरा दूर राहतात. रोज सकाळी उठायच्या आधी मी उजव्या कानाशी बोटं चोळून बघते, आवाज येतो की नाही. आला की मग पाय खाली टाकते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काल संध्याकाळी मी पोळ्यांची तयारी करत होते, बाहेर त्यांनी गाणं लावलं होतं. मध्येच ते थांबल्यासारखं वाटलं.

"आवाज कमी केला का?" मी आतून विचारलं.

उत्तर नाही. गाणं नाही. कणकेचे हात तसेच घेऊन मी बाहेर धावले. ते सोफ्यावर बसून पायानं ताल धरत होते. गाणं चांगलं मोठ्यानं चालू होतं. मला बघून म्हणाले, "काय झालं?"

माझ्या मागे स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. आत काम करताना माझा उजवा कान नेमका त्याच्याकडे होता, म्हणून गाणं बुडालं होतं. आत गेले, फॅन बंद केला आणि गाण्याची एक ओळ नीट ऐकू येईपर्यंत ओट्यापाशी उभी राहिले. मग तवा ठेवला.